तीळ काढणे, चार प्रती

चौथ्या दिवशी धकात्यांची दोघं आली
गोळीबार चौकातल्या माझ्या स्टुडिओत, भर दुपारी.
बाहेर शेहेचाळीस,
आत कूलर गरम हवाच ढवळत बसलेला.
श्वेतलनं फोन पुढे केला,
"काका, मायचा फोटो पाह्यजे. हाराचा."

एकशे चौऱ्याण्णव फोटो.
फुटाळ्यावर मंदाताई, डोक्यावर फुलांचा मुकुट
जो कोणी माळला नव्हता.
तेलंगखेडीच्या पायरीवर मंदाताई,
गाल सायीसारखे, नाक जरा अरुंद.
पुतण्याच्या हळदीत सशाचे कान लावून
अशा हसताहेत की दात मोजून घ्यावेत.
साड्यांना फॉल लावता लावता
डोळ्यांखाली साचलेलं काळं
कुठेच नाही.

"हे माय नोहे आमची," निकेश म्हणाला.
थोडं थांबून, "आहे मायच. पण."

"तीळ लावून द्या काका, गालावर होता तिच्या,
ज्वारीच्या दाण्याएवढा. उजव्या."
"काहून उजव्या? डाव्या होता."
"मी तिच्या बाजूले झोपत होती, अन् तू मले सांगून रायला?"
"मी समोर बसून जेवत होतो रोज."
आता समोरच्याचा उजवा तो तिचा डावा,
आणि फोन कधी पलटवतो, कधी नाही.
तिघांनी आपापल्या गालांवर बोटं फिरवली,
हिशेब काही लागेना.
आधार कार्ड होतं, झेरॉक्सची झेरॉक्स,
त्यात तर सगळा चेहराच तीळ.

मग आठवलं.
तेव्हा त्या धकाते नव्हत्या.
मंदा निनावे, टांडापेठ, वय एकोणीस,
स्थळांना दाखवायला फोटो, सोबत मामा.
माझे वडील डोळ्याला भिंग लावून
टोकदार पेन्सिलीनं निगेटिव्हवर
पोरींचे देवीचे व्रण बुजवायचे, श्वास धरून.
पाच रुपये जास्त घ्यायचे.
अर्ध्या इतवारीची लग्नं त्या पेन्सिलीनं जुळली,
असं ते दोन घोट पोटात गेले की सांगत.

माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली.
पाकिटावर त्यांचं अक्षर:
निनावे. तीळ काढणे. चार प्रती.
गाल कोणता, ते लिहिलेलं नाही.

उजेडाकडे धरली.
पांढरे केस, काळे दात,
गाल दोन्ही बेडाग.
सहज तिरकी केली
तर एका गालावर शिसाचा ठिपका चकाकला,
मोहरीहून थोडा मोठा.
खोडलं होतं तिथेच
खोडणाऱ्याचा हात राहून गेला होता.

निगेटिव्हची मंद बाजू पलीकडे करून पुन्हा पाहिलं.
डावा.
निकेश जिंकला,
आणि कूलरकडे तोंड करून उभा राहिला.

फोटो सशाचाच घेतला.
कान काढले, हसू राहू दिलं.
डोळ्यांखाली थोडी सावली उतरवली, भीत भीत.
तिळापाशी मात्र हात अडला.
तिचा तो दोनदा गेला होता,
एकदा मामाच्या सांगण्यानं,
एकदा तिच्याच बोटानं, हौसेनं.
परत लावणारा मी कोण?
विचारायला ती नव्हती.
स्टुलावर लेक बसली होती,
एकटक बघत.
लावला.

फ्रेम झाली तशी श्वेतलनं
कामठीच्या मावशीला पाठवायला
फ्रेमचाच फोटो काढला.
फोनला चौकट दिसली नाही, काच दिसली नाही,
चेहरा दिसला,
आणि त्यानं न विचारता
गाल पुसून स्वच्छ केला.
"काका, गेला न जी," ती म्हणाली.
मग फोन उलटा ठेवून
काचेवर बोट टेकवून बसली,
नेमकं तिथे.

ती दोघं गेल्यावर
पेटी बंद करण्याआधी
वडिलांच्या ओळीखाली मी लिहिलं:
तीळ लावणे. डावा.
एक प्रत.